परवान्याचे नियम बदलले की अर्जाची फाइल कशी लावावी: विमान देखभाल अभियंत्यांसाठी टप्प्याटप्प्याने

परवान्याच्या नियमांत दुरुस्ती आली की दुसऱ्याच दिवसापासून तिचे सारांश व्हॉट्सॲपच्या गटांत फिरू लागतात, आणि बरेच अर्जदार मूळ मजकूर न उघडता त्या सारांशांवर आपली फाइल बेततात. क्वालिटी विभागात बसून इतरांचे अर्ज पुढे पाठवण्याआधी तपासण्याचे काम मी काही वर्षे केले आहे. परत आलेल्या फायलींत नियमाविषयीचे निखळ अज्ञान मला क्वचितच दिसले. दिसला तो उलटा क्रम: आधी फॉर्म, मग अनुभवाचे पत्र, मग लॉगबुकची जुळवाजुळव आणि अगदी शेवटी, नकार हाती आल्यावर, दुरुस्तीतील तारखांचे वाचन. पुढील टप्पे हा क्रम सरळ करण्यासाठी आहेत.

येथे दिलेली कलमे आणि आकडे युरोपीय पार्ट-६६ चौकटीतील, म्हणजे विमान देखभाल परवान्याच्या युरोपीय नियमांतील आहेत. भारतातील डीजीसीएची (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची) सीएआर-६६ याच चौकटीवर बेतलेली असल्यामुळे ६६.ए.२५ म्हणजे मूलभूत ज्ञान, ६६.ए.३० म्हणजे अनुभव आणि ६६.ए.४५ म्हणजे टाइप रेटिंग (विशिष्ट विमानाची परवान्यावरील नोंद) ही मांडणी दोन्हीकडे ओळखीची आहे. कलमाचा क्रमांक एक असला म्हणून त्याखालील महिने आणि टक्केही सर्वत्र एकच असतील, असे मात्र गृहीत धरू नये. प्रत्येक आकडा आपला परवाना देणाऱ्या प्राधिकरणाच्या सध्याच्या मजकुराशी ताडून मगच फाइलमध्ये वापरावा.

सुरू करण्यापूर्वी काय जमवावे

पुढील कागद एका ठिकाणी येईपर्यंत फॉर्म उघडू नये: दुरुस्तीचा मूळ मजकूर, दुरुस्तीनंतरचा एकत्रित नियम, सर्व मॉड्यूलांची, म्हणजे विषयवार परीक्षांची, उत्तीर्णतेची प्रमाणपत्रे, मूलभूत प्रशिक्षण किंवा टाइप प्रशिक्षणाची प्रमाणपत्रे, आजवरच्या प्रत्येक नोकरीचे रुजू होण्याचे व सोडण्याचे पत्र, आणि लॉगबुक, म्हणजे केलेल्या कामांची नोंदवही. याशिवाय एका कोऱ्या कागदावर चार रकाने आखावेत: कलम, त्याची मागणी, माझा पुरावा, पुराव्याची तारीख. या कागदाला मी जुळणी तक्ता म्हणतो. पुढील प्रत्येक टप्प्यावर त्यात भर पडत जाईल, आणि एखाद्या ओळीचा तिसरा रकाना रिकामा राहिला तर अर्ज अजून तयार नाही, हे कोणाला विचारावे लागणार नाही.

टप्पा १: दुरुस्तीतील तारखा आधी वाचाव्यात

दुरुस्तीत काय बदलले हे पाहण्याआधी ती केव्हापासून लागू होते हे पाहावे. एकाच दुरुस्तीत किमान तीन तारखा असू शकतात: ती प्रसिद्ध झाल्याची, अमलात आल्याची आणि प्रत्यक्ष लागू होण्याची. जुन्या पद्धतीने सुरू केलेले काम पूर्ण करण्यास मुदत दिली असेल तर चौथी तारीखही असते, आणि ती बहुधा शेवटच्या पानांवर, संक्रमणकालीन तरतुदीत सापडते.

युरोपीय नियमन २०२३/९८९ हे याचे चांगले उदाहरण आहे. ते २२ मे २०२३ चे. त्याने पार्ट-६६ मधील मूलभूत ज्ञानाचा अभ्यासक्रम अद्ययावत केला. ते लागू झाले १२ जून २०२४ पासून. मधल्या वर्षभरात ज्यांनी नियमन प्रसिद्ध होताच जुनी पुस्तके बाजूला सारली त्यांनी घाई केली, आणि ज्यांनी संक्रमणकालीन तरतूद न पाहता जून २०२४ नंतरही जुन्याच अभ्यासक्रमावर भिस्त ठेवली त्यांनी जोखीम घेतली. मजकूर दोघांसमोरही तोच होता.

केवळ तारखेने परवान्याची किंमत कशी बदलते, हे ब्रिटन युरोपीय व्यवस्थेतून बाहेर पडला तेव्हा दिसले. ब्रिटिश प्राधिकरणाने दिलेले पार्ट-६६ परवाने १ जानेवारी २०२१ पासून युरोपीय व्यवस्थेत चालेनासे झाले. ज्यांनी त्याआधी आपला परवाना युरोपीय सदस्य देशाकडे हस्तांतरित करून घेतला होता त्यांचे काम अखंड चालू राहिले. दोन्ही गटांतील अभियंत्यांचे ज्ञान आणि अनुभव ३१ डिसेंबरला जेवढे होते तेवढेच १ जानेवारीलाही होते.

मूळ कायदा बदलणे आणि परवान्याचा नियम बदलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भारतात १९३४ च्या विमान कायद्याची जागा भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ याने १ जानेवारी २०२५ पासून घेतली. अशा वेळी आधीच्या कायद्याखाली दिलेल्या परवान्यांचे आणि नियमांचे काय होणार, हे नव्या कायद्यातील निरसन व व्यावृत्ती कलमात लिहिलेले असते. ते कलम वाचल्याशिवाय घाबरण्याचेही कारण नाही आणि निर्धास्त राहण्याचेही नाही.

इशारा: नियम आणि नियम पाळण्याची मान्य पद्धत, म्हणजे ज्याला सर्वजण एएमसी म्हणतात ती, यांत गल्लत करू नये. नियम बंधनकारक असतो. एएमसी ही तो पाळण्याची प्राधिकरणाने आधीच मान्य केलेली एक वाट असते. दुरुस्ती कधी फक्त नियमाला होते, कधी फक्त एएमसीला, आणि एएमसीतील बदल अर्जदारांच्या नजरेतून हमखास निसटतो.

पडताळणी: जुळणी तक्त्याच्या माथ्यावर लागू होण्याची तारीख, संक्रमणाची शेवटची तारीख आणि आपण वाचलेल्या एकत्रित मजकुराची आवृत्ती लिहिली आहे का?

टप्पा २: अर्जाची तारीख ठरवावी आणि तेथून मागे मोजावे

सर्वाधिक अर्ज ज्या एका गोष्टीने अडतात ती हीच, म्हणून हा टप्पा फॉर्मच्या कितीतरी आधी ठेवला आहे. पार्ट-६६ मधील बहुतेक मुदती अर्जाच्या तारखेपासून मागे मोजल्या जातात. परीक्षा मागील १० वर्षांतील हव्यात, अनुभव मागील १० वर्षांतील हवा, अलीकडच्या अनुभवासाठी मागील ७ वर्षे आणि मागील १२ महिने पाहिले जातात, टाइप प्रशिक्षण मागील ३ वर्षांतील हवे. अर्ज दोन महिने पुढे ढकलला की या सर्व मुदतींच्या खिडक्या दोन महिने पुढे सरकतात आणि त्यांच्या मागच्या टोकाला असलेला पुरावा बाहेर पडतो.

हिशेब करून पाहू. एखाद्याने अर्जासाठी १ नोव्हेंबर २०२५ ही तारीख धरली. मॉड्यूल १ त्याने १० नोव्हेंबर २०१५ रोजी उत्तीर्ण केले असेल तर ते खिडकीत बसते. टाइप रेटिंगही याच अर्जात घ्यावे म्हणून तो तीन आठवडे थांबला आणि अर्ज २२ नोव्हेंबरला गेला, तर ते मॉड्यूल बाहेर पडले आणि गणिताची परीक्षा पुन्हा देणे आले. अशा वेळी मूलभूत परवान्याचा अर्ज आधी करावा आणि टाइप रेटिंगची नोंद नंतर मागावी. दोन्ही एकत्र पाठवण्यात सोय असते, नियमाची सक्ती नसते.

पडताळणी: सर्वांत जुन्या पुराव्याची तारीख आणि अर्जाची तारीख यांत किती दिवस शिल्लक आहेत? ते तीस दिवसांपेक्षा कमी असतील तर त्या पुराव्यासमोर लाल खूण करावी.

टप्पा ३: कॅटेगरी आणि उपकॅटेगरी शब्दांत लिहावी

"बी१ साठी अर्ज करतो आहे" हे वाक्य अपुरे आहे. बी१.१ म्हणजे टर्बाइन इंजिनाचे विमान, बी१.२ म्हणजे पिस्टन इंजिनाचे विमान, बी१.३ म्हणजे टर्बाइन हेलिकॉप्टर आणि बी१.४ म्हणजे पिस्टन हेलिकॉप्टर. टर्बोप्रॉप हे टर्बाइनच असल्याने ते बी१.१ मध्ये येते. पंखा दिसला म्हणून बी१.२ लिहिणारा अर्जदार मी पाहिला आहे. बी३ ही २,००० किलोपर्यंतच्या, केबिनमध्ये दाब नसलेल्या पिस्टन विमानांपुरती आहे. बी२ एव्हिऑनिक्स (विमानातील इलेक्ट्रॉनिक्स) आणि विद्युत प्रणालींसाठी आहे. २०१८ च्या युरोपीय दुरुस्तीने बी२एल (मर्यादित एव्हिऑनिक्स) आणि एल (ग्लायडर, बलून यांसारखी हलकी वायुयाने) या कॅटेगरी आल्या. त्या आपल्या प्राधिकरणाने स्वीकारल्या आहेत का, हे एकत्रित मजकुरातच पाहावे.

बी१ आणि बी२ यांच्या सीमेवर वाद होतो तो विद्युत आणि एव्हिऑनिक्स कामांवरून. विद्युत प्रणाली बी१ च्या कक्षेत येतात. एव्हिऑनिक्सचे काम मात्र बी१ धारकाला तेवढेच प्रमाणित करता येते ज्यात साध्या चाचणीने प्रणाली ठीक असल्याचे सिद्ध होते आणि दोष शोधत बसावे लागत नाही. कॉकपिटमधला बॉक्स बदलून त्याची अंगभूत चाचणी घेणे वेगळे, आणि तोच बॉक्स बदलूनही स्नॅग (दोष) परत आला म्हणून वायरिंगचा मागोवा घेणे वेगळे. लॉगबुकमधील नोंदी या फरकाशी विसंगत असतील तर त्या अर्जाला मदत करण्याऐवजी प्रश्न उभे करतात.

टप्पा ४: मॉड्यूल परीक्षांची स्थिती तपासावी

प्रत्येक मॉड्यूलसाठी तक्त्यात चार गोष्टी लिहाव्यात: उत्तीर्ण झाल्याची तारीख, परीक्षा घेणारी संस्था किंवा प्राधिकरण, कोणत्या अभ्यासक्रमाच्या आवृत्तीवर परीक्षा झाली, आणि कोणत्या कॅटेगरीच्या पातळीवर. शेवटची गोष्ट बहुतेकजण विसरतात. ए कॅटेगरीच्या (साध्या, नियमित कामांच्या परवान्याच्या) पातळीवर दिलेले मॉड्यूल बी१ साठी आपोआप पुरत नाही, कारण एकाच प्रकरणासाठी दोन्हीकडे अपेक्षित ज्ञानाची पातळी निराळी असते.

पार्ट-६६ मध्ये उत्तीर्णतेची मर्यादा ७५ टक्के आहे. बहुपर्यायी प्रश्नाला सरासरी ७५ सेकंद आणि निबंधवजा प्रश्नाला २० मिनिटे मिळतात. अनुत्तीर्ण झाल्यास तेच मॉड्यूल ९० दिवसांच्या आत पुन्हा देता येत नाही. मान्यताप्राप्त संस्थेत कच्च्या विषयांवर बेतलेले पुनर्प्रशिक्षण घेतले असेल तर ही मुदत ३० दिवसांवर येते. सलग तीन प्रयत्न झाले की पुढच्या तीनांसाठी वर्षभर थांबावे लागते. म्हणजे तिसरा प्रयत्न "बघू तरी" म्हणून देण्याची गोष्ट नाही, विशेषतः दहा वर्षांच्या खिडकीत जुनी मॉड्यूले काठावर असतील तेव्हा.

इशारा: अभ्यासक्रम बदलल्यावर जुन्या अभ्यासक्रमावर उत्तीर्ण झालेली मॉड्यूले बाद होतात असे सरसकट समजून ती पुन्हा देऊ नयेत, आणि ती चालतातच असेही समजू नये. उत्तर संक्रमणकालीन तरतुदीत असते. ते कलम तक्त्यात शब्दशः उतरवून घ्यावे.

टप्पा ५: अनुभव महिन्यांत मोजावा

पार्ट-६६ ची मागणी प्रशिक्षणानुसार कमी-अधिक होते. ए, बी१.२, बी१.४ आणि बी३ साठी तांत्रिक प्रशिक्षण नसल्यास ३ वर्षे, कुशल कामगाराचे मान्य प्रशिक्षण असल्यास २ वर्षे आणि पार्ट-१४७ (प्रशिक्षण संस्थांचे नियम) मान्यताप्राप्त मूलभूत अभ्यासक्रम पूर्ण केला असल्यास १ वर्ष. बी१.१, बी१.३ आणि बी२ साठी हेच आकडे अनुक्रमे ५, ३ आणि २ असे आहेत. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या पहिल्या परिशिष्टातील किमान अट मात्र वेगळ्या मापाची आहे: संपूर्ण विमानाच्या अधिकारांसाठी ४ वर्षे, मान्य प्रशिक्षण असल्यास २. कोणीतरी "जगभर चार वर्षे लागतात" असे सांगतो तेव्हा तो हा आकडा सांगत असतो. आपल्या अर्जावर निर्णय त्या आकड्याने होत नाही.

आता मोजणी. नोकरीचा कालावधी आणि देखभालीचा अनुभव यांत अंतर असते. अनुभव प्रत्यक्ष हातांचा असावा आणि त्यात विमानावरील कामांचा प्रातिनिधिक पसारा दिसावा, अशी ६६.ए.३० ची भाषा आहे. म्हणून स्टोअरमध्ये काढलेले सहा महिने, प्लॅनिंगच्या टेबलावरचे वर्ष, टूल क्रिबचा (अवजारे देण्याच्या खोलीचा) रोटेशनचा काळ हे सर्व एकूण कालावधीतून वेगळे काढून लिहावे. मान्य होईल तेवढे होईल, पण ते स्वतःहून वेगळे दाखवणाऱ्या फाइलवर तपासणाऱ्याचा विश्वास बसतो. लपवलेले सहा महिने सापडले की उरलेल्या साडेचार वर्षांकडेही संशयाने पाहिले जाते.

यानंतर अलीकडच्या अनुभवाचा हिशेब. पहिल्या परवान्यासाठी एकूण अनुभवापैकी किमान एक वर्ष, मागितलेल्या कॅटेगरीच्या विमानांवरचा अलीकडचा अनुभव हवा. एएमसीनुसार त्या बारा महिन्यांपैकी किमान निम्मे अर्जाच्या आधीच्या १२ महिन्यांत आणि उरलेले मागील ७ वर्षांत मिळवलेले असावेत. अर्जाची तारीख १ नोव्हेंबर २०२५ असेल तर १ नोव्हेंबर २०२४ ते ३१ ऑक्टोबर २०२५ या काळात निदान सहा महिने प्रत्यक्ष विमानावर गेलेले दिसले पाहिजेत. टाइप कोर्स, दीर्घ रजा आणि कार्यालयीन नेमणूक एकाच वर्षात आल्या तर दहा वर्षे हँगरमध्ये काढलेला माणूसही येथे कमी पडतो. नवी उपकॅटेगरी जोडायची असेल तर अलीकडच्या अनुभवाची अट एक वर्षाहून कमी असू शकते, पण तीन महिन्यांच्या खाली जात नाही.

संरक्षण दलांतून आलेल्यांसाठी वेगळी सूचना आहे. लष्करी विमानांवरील अनुभव ग्राह्य धरता येतो, पण त्यावर नागरी विमानांच्या देखभालीचा अतिरिक्त अनुभव लागतोच, कारण तपासणी नागरी व्यवस्थेतील कागदपत्रे, जबाबदाऱ्या आणि प्रमाणन यांच्या ओळखीची असते. सेवापुस्तकातील वीस वर्षे पाहून ही अट शिथिल होईल, या आशेवर अर्ज पाठवू नये.

पडताळणी: सर्व नोकऱ्यांच्या तारखा एका आडव्या रेषेवर मांडाव्यात. दोन कालावधी एकमेकांवर चढले असतील, किंवा मध्ये पोकळी असेल, तर त्याचे एका ओळीत स्पष्टीकरण तेथेच लिहावे.

टप्पा ६: लॉगबुक अर्जाच्या आधी एकदा परक्याच्या नजरेने वाचावे

अनुभवाचे पत्र कंपनी देते. त्या पत्रातील प्रत्येक वर्षाला आधार देते ते लॉगबुक. नियम बदलले की प्राधिकरणाचे लक्ष आधी येथेच जाते, म्हणून या टप्प्याला घाई करू नये.

एक नोंद जवळून पाहू. बहुतेक लॉगबुकांत ती अशी असते: "ए३२०. चाक बदलले." यातून वाचणाऱ्याला विमान कोणते, चाक कोणते, काम कोणी केले आणि ते कोठे पडताळायचे यांतील काहीच कळत नाही. तीच नोंद अशी असावी: १४ मे २०२५, ए३२०, सीएफएम५६ इंजिने, विमानाचा नोंदणी क्रमांक, वर्क ऑर्डर आणि टास्क कार्डचे क्रमांक, एटीए ३२ (विमान प्रणालींच्या ठरलेल्या प्रकरण-क्रमांकांपैकी लँडिंग गिअरचा), ४ क्रमांकाचे मेन व्हील टायरच्या झिजेमुळे काढून दुसरे बसवले, अॅक्सल नट चाक फिरवत ठेवून मॅन्युअलमधील पहिल्या टॉर्कपर्यंत आवळला, सैल करून पुन्हा अंतिम टॉर्कला आणला, टायरचा दाब तपासला, मेन्टेनन्स मॅन्युअलमधील टास्क क्रमांक, काम स्वतः केले, देखरेखीखाली, लागलेला वेळ, देखरेख करणाऱ्याची सही, परवाना क्रमांक आणि स्टॅम्प.

ही नोंद लांब आहे, आणि ती तशीच असायला हवी. चाक फिरवत नट आवळण्याचा उल्लेख शोभेसाठी नाही; बेअरिंग नीट बसावे म्हणून ते करतात, आणि ज्याने ते काम केले आहे त्याच्या वाक्यात ते आपसूक येते. तपासणाऱ्याने मुलाखतीत "नट दोनदा का आवळला?" असे विचारले तर उत्तर नोंदीतच आहे. वर्क ऑर्डरचा क्रमांक असल्यामुळे तीच नोंद कंपनीच्या अभिलेखांतही सापडते. क्रमांक नसलेली नोंद खरी असली तरी ती सिद्ध करता येत नाही.

दुसरी तपासणी पसाऱ्याची. लॉगबुकमधील नोंदी एटीए प्रकरणांनुसार मोजाव्यात. बी१ च्या अर्जदाराकडे वातानुकूलन म्हणजे २१, विद्युत २४, उड्डाण नियंत्रणे २७, इंधन २८, हायड्रॉलिक २९, लँडिंग गिअर ३२, एपीयू (सहायक इंजिन) ४९ आणि इंजिनाची ७१ ते ८० ही प्रकरणे सर्व दिसावीत. बी२ कडे ऑटोफ्लाइट २२, संदेशवहन २३, दर्शक प्रणाली ३१ आणि दिशादर्शन ३४ यांवर भर असावा. मग कामाचा प्रकार पाहावा: तपासणी, काढणे-बसवणे, कार्यात्मक चाचणी, दोषशोध, सर्व्हिसिंग. लाइनवर, म्हणजे उड्डाणांच्या मधल्या देखभालीवर, काम करणाऱ्यांच्या लॉगबुकांत चाके, ब्रेक, तेल आणि दिवे यांचीच गर्दी असते, आणि दोषशोधाच्या रकान्यात चार नोंदी असतात. अशा वेळी आपल्या शिफ्ट मॅनेजरला सांगून बेस चेकवर (हँगरमधील मोठ्या तपासणीवर) काही आठवडे नेमणूक मागावी. ती अर्जाच्या महिनाभर आधी मागून मिळत नाही, वर्षभर आधी मागावी लागते.

तिसरी तपासणी सह्यांची. एका जुन्या नोकरीत मी तीन महिन्यांच्या नोंदी सही न घेता तशाच ठेवल्या, कारण देखरेख करणारे वरिष्ठ रोज समोर होते आणि "आठवड्याच्या शेवटी घेऊ" असे दर आठवड्याला ठरत होते. ते दुसऱ्या देशात नोकरीला गेले, तो तळही बंद झाला, आणि त्या नोंदींपैकी ज्यांचे टास्क कार्ड अभिलेखांत सापडले तेवढ्याच मला पुन्हा प्रमाणित करून घेता आल्या. अकरा नोंदी गेल्या. त्यात इंजिन बदलण्याचे एक काम होते, जे पुन्हा हाती यायला दीड वर्ष लागले. तेव्हापासून मी सही त्याच शिफ्टमध्ये घेतो.

सर्वसाधारण चुका अशा आहेत. संपूर्ण वर्षाच्या नोंदी एकाच पेनने, एकाच दिवशी, एकाच सहीने भरलेल्या दिसणे. खाडाखोड करताना पांढरी शाई वापरणे. चुकीच्या शब्दावर एकच रेघ मारून शेजारी सही आणि तारीख टाकावी, म्हणजे खालचा मजकूर वाचता येतो. रजेच्या दिवसाची नोंद असणे, जी हजेरीपटाशी ताडली की लगेच उघडी पडते. आणि सर्वांत महागात पडणारी चूक: एकाच महत्त्वाच्या कामावर काम करणारा आणि स्वतंत्र तपासणी करणारा अशा दोन्ही भूमिकांत स्वतःला दाखवणे. स्वतंत्र तपासणी दुसऱ्या माणसाने करायची म्हणूनच ती स्वतंत्र असते. ही नोंद अर्ज तर अडवतेच, शिवाय त्या विमानाच्या कागदपत्रांवरही प्रश्न उभा करते.

पडताळणी: आपल्या कामाशी संबंध नसलेल्या एखाद्या सहकाऱ्याला लॉगबुकमधील कोणत्याही दहा नोंदी वाचायला द्याव्यात. प्रत्येक नोंदीवरून मूळ टास्क कार्ड शोधता येईल का, एवढेच त्याने सांगावे.

टप्पा ७: टाइप रेटिंग आणि ओजेटी (प्रत्यक्ष कामावरचे प्रशिक्षण)

टाइप रेटिंग नुसत्या विमानाच्या नावावर मिळत नाही, ते विमान आणि इंजिन यांच्या जोडीवर मिळते. ए३२० कुटुंबासाठी सीएफएम५६, व्ही२५००, लीप-१ए आणि पीडब्ल्यू११००जी यांच्या नोंदी वेगवेगळ्या आहेत. सीएफएम५६ वर कोर्स केलेल्याला लीप-१ए साठी फरकाचे प्रशिक्षण घ्यावे लागते. विमान बाहेरून तेच दिसते हे येथे कामाचे नाही. प्रमाणपत्रावर इंजिनाचे नाव कसे छापले आहे ते प्राधिकरणाच्या टाइप रेटिंगच्या यादीतील शब्दांशी अक्षरशः ताडून पाहावे.

सैद्धांतिक आणि प्रात्यक्षिक प्रशिक्षण टाइप रेटिंगच्या अर्जाच्या आधीच्या ३ वर्षांत सुरू होऊन पूर्ण झालेले असावे लागते. त्या कॅटेगरी किंवा उपकॅटेगरीतील पहिले टाइप रेटिंग असेल तर त्यावर ओजेटीही लागते, आणि तिलाही तीच ३ वर्षांची खिडकी आहे. एएमसीच्या परिशिष्टातील कामांच्या यादीपैकी, विमानाला आणि कॅटेगरीला लागू होणाऱ्या कामांतील किमान ५० टक्के कामे ओजेटीत व्हायला हवीत. ती कामे निवडताना सोपी आणि वारंवार येणारी कामे भरून टक्केवारी गाठण्याचा मोह होतो. यादीतील प्रत्येक प्रकरणातून आणि कामाच्या वजनानुसार निवड करावी.

इशारा: ओजेटीच्या प्रत्येक कामावर देखरेख करणाऱ्याची सही वेगळी आणि शेवटी नेमलेल्या मूल्यमापकाचे मूल्यमापन वेगळे. मूल्यमापनाची तारीख शेवटच्या कामाच्या आधीची पडलेली फाइल मी एकाहून अधिक वेळा परत पाठवली आहे.

टप्पा ८: फॉर्म भरणे

आधीचे टप्पे नीट झाले असतील तर हे तासाभराचे काम आहे. ओळखपत्र, परीक्षा प्रमाणपत्रे आणि अनुभवाचे पत्र यांवरील नावाचे स्पेलिंग आणि जन्मतारीख एक आहे ना ते पाहावे. अर्जासाठी वय किमान १८ हवे. अनुभवाच्या पत्रात "आमच्याकडे कार्यरत होते" एवढ्यावर भागवू नये. कोणत्या तळावर, कोणत्या विमानांवर, लाइनवर की बेसवर आणि कोणत्या तारखांदरम्यान हे लिहून घ्यावे. शेवटी जुळणी तक्ता फाइलच्या पहिल्या पानावर लावावा आणि प्रत्येक पुराव्यापुढे फाइलमधील पान क्रमांक टाकावा. असा तक्ता कोणी मागत नाही, पण तपासणाऱ्याला प्रत्येक कलमाचा पुरावा शोधावा लागला नाही तर शंकेची पत्रेही कमी येतात.

टप्पा ९: परवाना हाती आल्यावर

पाकीट उघडल्यावर आधी कॅटेगरीचे पान पाहावे, मग टाइप रेटिंगचे आणि मग मर्यादांचे. मर्यादांच्या रकान्यात अनपेक्षित ओळ दिसली तर ती कोणत्या कलमामुळे आली हे लगेच लेखी विचारावे. काम सुरू केल्यावर ती सापडणे वाईट. परवान्यावर सही केल्याशिवाय तो पूर्ण होत नाही. पार्ट-६६ परवान्याची मुदत ५ वर्षे असते. ती तारीख तक्त्याच्या मागच्या बाजूस लिहून ठेवावी.

परवाना मिळाला म्हणजे विमान सेवेत सोडण्याची सही करता येते असे नाही. त्यासाठी देखभाल संस्थेचे प्रमाणन अधिकारपत्र लागते, आणि त्यातील कामांची व्याप्ती परवान्यापेक्षा अरुंद असू शकते. अधिकार वापरायचा तर मागील दोन वर्षांत सहा महिन्यांचा देखभालीचा अनुभवही असावा लागतो, म्हणून लॉगबुक अर्ज मंजूर झाल्यावर कपाटात ठेवण्याची वस्तू नाही. अधिकृत व्यक्तीने मागितल्यास परवाना २४ तासांच्या आत दाखवता आला पाहिजे. मूळ प्रत दुसऱ्या गावी घरी आणि आपण रात्रपाळीत रॅम्पवर, अशी वेळ पहिल्याच महिन्यात येऊ शकते, तेव्हा तो कोठे ठेवायचा हे त्याच दिवशी ठरवावे.